चाक घेऊन उभं राहायची जागा

9 एप्रिल 2023, पॅरिस-रूबे, फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची सायकल शर्यत. माझ्या वाट्याला कारफूर द लार्ब्र आला होता. शेतांमधून जाणारा 2,100 मीटरचा दगडी पट्टा, आणि पुढे रूबेचं व्हेलोड्रोम, म्हणजे शर्यत संपते ती सायकलची धावपट्टी, जेमतेम पंधरा किलोमीटरवर. सुमारे 257 किलोमीटरच्या शर्यतीत असे 29 पट्टे होते. त्यांचे क्रमांक उलटे लागतात, त्यामुळे हा चौथा म्हणजे शेवटून चौथा.

या पट्ट्यांवर संघाची गाडी वेळेत पोचेल याचा भरवसा नसतो. रस्ता एका गाडीपुरता, त्यावर सायकलपटू विखुरलेले, गाड्या मागे अडकलेल्या. म्हणून संघ वाटेत चाकं देऊन माणसं उभी करतात. नवखा माणूस पट्ट्याच्या मधोमध उभा राहतो, कारण पंक्चर तिथेच होतं. पण दगडांवर थांबलेल्याला मागचे येऊन धडकतात, आणि मोठ्या गियरवर शून्यातून पुन्हा वेग घेताना पाय संपतात. टायरच्या आत फोमची कडी असेल तर हवा गेली तरी गडी रखडत पट्टा पार करतो. तेव्हा जागा पट्टा संपल्यावर, डांबर लागल्यावर थोडी पुढे. रस्त्याची कुठली बाजू, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं.

माझ्याकडे पुढची दोन आणि मागची दोन चाकं होती. 32 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, हवेचा दाब पुढे 3.6 बार, मागे 3.9. गट यायच्या अर्धा तास आधी दाब पुन्हा मोजला, कारण काळं रबर उन्हात तापलं की काटा वर सरकतो. डिस्क ब्रेकच्या रोटरवर, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला दोन्हीकडून धरतात त्या चाकावरच्या चकतीवर, स्वच्छ कापड गुंडाळलेलं होतं. बोटाचं तेल तिथे लागलं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.

आघाडीवाले गेले. याच पट्ट्यावर आघाडीच्या वाउट वान आर्टचं चाक पंक्चर झालं आणि त्याचा प्रतिस्पर्धी माथ्यू वान देर पूल एकटा सुटला. शर्यत तिथेच निकालात निघाली. आमचा गडी मागच्या गटात होता. पट्ट्यातून बाहेर आला तो हात वर करूनच. मागचं चाक.

साखळी मागच्या सगळ्यात लहान दातेरी चक्रावर होती, म्हणजे चाक पटकन निघावं म्हणून त्याने आपलं काम केलं होतं. आस काढली, चाक खाली घेतलं. नवं चाक लावायला गेलो तर रोटर आत जाईना! तोल सांभाळताना त्याने ब्रेक दाबला होता. रोटर नसताना ब्रेक दाबला की दोन्ही पॅड एकमेकांकडे सरकतात आणि तिथेच राहतात. पन्नासेक किलोमीटर दगडांवर हादरे खाऊन हात बधिर झालेले असतात. मूठ आपोआप आवळली जाते. त्याला दोष कसा देणार? आपणच आधी ओरडून त्याचे हात ब्रेकच्या लिव्हरवरून काढायला लावायचे आणि सीट आपण धरायचं.

खिशातला प्लॅस्टिकचा टायर लिव्हर पॅडांच्या फटीत घालून हळू पिळला. इथे पाना वापरला तर पॅडच्या तोंडाला टवका जातो. पॅड मागे गेले, चाक बसलं, आस आवळली. पंधरा सेकंदांचं काम चाळिसाच्या पुढे गेलं. घाईत सगळे विसरतात ती गोष्ट अजून बाकी होती: पॅड मागे ढकलले की ब्रेकचा लिव्हर पहिल्यांदा पोकळ जातो. दोन-तीनदा दाबून घेतल्याशिवाय ढकलून दिलं, तर पहिल्याच वळणावर ब्रेक नाही. लगेच ग्रूसोंचा पट्टा होता. दाबून घेतला, मग कमरेला हात लावून वीसेक पावलं पळत ढकललं.

काढलेलं चाक नंतर शांतपणे पाहिलं. टायरच्या बाजूला, रिमच्या काठाशी दोन समांतर चिरा, नागाने चावल्यासारख्या. सीलंट, म्हणजे भोक बुजवायला टायरमध्ये घातलेला द्रव, भसाभसा बाहेर येऊन फ्रेमच्या मागच्या दांडीवर पांढरं वाळलं होतं. माथ्यावरचं भोक ते बुजवतं, पण बाजूची चीर पडली की त्याच्या हाती काही नसतं. अशी चीर दगडाची धार आणि रिम यांच्यात टायर चेपला की पडते. मागच्या चाकात 3.9 ठरलं होतं. सकाळी त्याने मागितलं म्हणून 3.7 केलं होतं.