लॉगमध्ये रेष सरळ आली, पण अंदाज कमी पडला

परवाचं डोक्यातून जाईना म्हणून लिहितो. आमच्या पांढरकवड्याकडं धुऱ्यावर मालकी साग असतो, तोडायच्या आधी उभ्या झाडांचा अंदाज काढायचं काम माझ्याकडं. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेपनं गोलाई घ्यायची, बाकी एक्सेल.

त्या एक्सेलवर मी लई मेहनत घेतली होती. तोडलेल्या झाडांची गोलाई अन् घनमीटर ग्राफवर टाकले की रेष वर वाकते, कारण गोलाईसोबत उंचीही वाढते, म्हणून गोलाई दुप्पट झाली तं माल चौपटीच्याही वर जातो. तशीच सरळ रेष बसवली तं बारक्या झाडांचा माल मायनसमध्ये. मग दोन्हीकडं लॉग (लॉगरिदम) घेतला अन् काय सुंदर रेष आली, जाड झाडांचं विखुरणंही आवरलं! वरिष्ठ म्हणाले, आर स्क्वेअर, म्हणजे रेष किती जुळते त्याचा आकडा, एकपैकी पॉइंट पंच्याण्णव आहे, झालं. आमच्याकडं तेवढं पाहूनच सही होते, हे मला पटत नाही.

परवा एका आजोबांची ५८ झाडं डेपोत मोजली. माझा अंदाज २१.७ घनमीटर, भरले २२.७. आजोबा म्हणे, "माह्या भावाच्या टायमालेही तुम्ही कमीच सांगतलं होतं, काहून जी?"

रात्री जुने लॉट काढले. तिन्ही कमीच. झाडागणिक पाहिलं तं निम्मी अंदाजाच्या वर, निम्मी खाली, म्हणजे मॉडेल बरोबर वाटते, पण वरची जास्त वर होती. मग पेटलं. १०० अन् ४०० ची सरासरी २५०, लॉगमधून काढली तं २००. लॉग उलटा केला की मधलं झाड मिळते, सरासरी नाही, अन् बेरजेला सरासरीच लागते. बास्करव्हिल नावाच्या वनसंशोधकानं १९७२ मध्येच लिहिलंय, रेसिड्युअलच्या (झाड रेषेपासून जेवढं दूर त्याच्या) व्हेरिअन्सचा, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाचा, अर्धा घेऊन त्याच्या एक्स्पोनेन्शियलनं (e च्या तेवढ्या घातानं) अंदाजाला गुणा. गुणलं तं एक टक्काही फरक नाही! तासभर डोकं खाजवलं तेव्हा दिसलं, एक्सेलचा साधा लॉग १० च्या पायावर असतो, अन् हे सूत्र e च्या पायावरच्या लॉगचं. माझं रेसिड्युअलचं प्रमाण विचलन ०.१३ हे २.३०३ नं गुणून ०.३० झालं, अन् गुणक आला १.०४६. २१.७ चे बरोब्बर २२.७.

फाईलमध्ये आता तो गुणक टाकलाय. आजोबांचा माल मोजून गेला, पण त्यांच्या भावानं मागच्या उन्हाळ्यात माझ्याच आकड्यावर ठेकेदाराशी उक्ता सौदा केला होता. उद्या कागद घेऊन त्यांच्याकडं जातो.