नॅशव्हिलमधला ओंडका

पियानोच्या पट्ट्यांसारख्या खिडक्या असलेल्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या इमारतीत मी शिरलो, तो एकाच वस्तूसाठी: अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांचा ‘लॉग’, म्हणजे ओंडका. ही त्यांनी स्वतः जुळवलेली भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार.

काचेपलीकडे तो दिसला आणि मी बराच वेळ हललोच नाही. चार बाय चार इंचाचा पाइनचा सरळसोट ठोकळा, त्यावर पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग), तारा टेकवायची घोडी, तारा. दोन्ही बाजूंना एपिफोन कंपनीच्या गिटारच्या अंगाचे कापलेले पंख. ते नुसते शोभेचे. 1940-41च्या सुमारास, न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून लेस पॉल यांनी हे जुळवलं. नुसता ठोकळा वाजवला तेव्हा लोकांनी ढुंकूनही पाहिलं नाही, पंख लावल्यावर मात्र दाद मिळाली, असं ते सांगायचे. मला ही गोष्ट फार लागते. आवाज तर तोच होता!

हा खटाटोप कशासाठी? गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की कसा कुईं ओरडतो, तेच पोकळ गिटारचं व्हायचं. आवाज वाढवला की तिचं अंग थरथरायचं, पिकअप ती थरथर पुन्हा पकडायचा. लाकूड भरीव असलं की ही कटकट बरीच कमी होते, शिवाय तार जास्त वेळ बोलत राहते. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने आधी लेस पॉल यांना वाटेला लावलं, आणि 1952मध्ये त्यांच्याच नावाची सोनेरी गिटार काढली.

त्याआधी 1932मध्ये रिकनबॅकर कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची इलेक्ट्रिक गिटार ‘फ्राइंग पॅन’ आली होती, पण ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. आपल्या जुन्या ऑर्केस्ट्रांतली हवाईयन गिटार आठवा.

याच संग्रहालयात कंट्री गायक-गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांची 1948ची गिटारही आहे. ट्रॅव्हिस यांनी कागदावर चित्र काढून दिलं आणि मोटरसायकली बनवणाऱ्या पॉल बिग्सबी यांनी ती घडवली. बर्ड्झ-आय मेपलचं पातळ अंग, आणि सहाही खुंट्या डोक्याच्या एकाच बाजूला. 1950मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनहून लिओ फेंडर यांची ब्रॉडकास्टर ही गिटार निघाली, तिच्याही खुंट्या एकाच रांगेत. ग्रेट्श कंपनीच्या ड्रमचं जवळपास हेच नाव आडवं आल्यामुळे 1951मध्ये ती टेलिकास्टर झाली. फेंडरनी बिग्सबींचं पाहून केलं का, यावर अजून वाद झडतात. काचेसमोर उभं राहिल्यावर माझं मत तरी बिग्सबींकडे झुकलं.

संध्याकाळी ब्रॉडवेवरच्या एका बारमध्ये एक पोरगा टेलिकास्टर वाजवत होता. मी दारातच थांबलो आणि आधी खुंट्या मोजल्या. सहा, एका रांगेत.