पहिला बरा फोटो तेविसाव्या कागदावर

सासूबाईंच्या हातात फोन दिला की हमखास एकच होतं. बोट लागतं, फोटो सरकतो, आणि नातवाच्या वाढदिवसाच्या जागी कुठलं तरी लाइट बिल येतं. गेल्या वर्षी कासच्या फुलांच्या पठारावर जाऊन आलो तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, हातात धरता येईल असा दे की एखादा." आमच्या भागातल्या स्टुडिओत आता पासपोर्ट फोटोच निघतात, बाकीचे पुण्याला पाठवून चार दिवसांनी मिळतात. म्हणून मग सहा रंगांच्या टाक्यांचा इंकटँक प्रिंटर घेतला. नेहमीच्या चार शाया, शिवाय फिकी सायन (निळसर) आणि फिकी मॅजेन्टा (गुलाबी). त्या दोन फिक्या शायांमुळे आभाळात आणि चेहऱ्यावर ठिपके दिसत नाहीत, एवढं दुकानदाराने सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. बाकीचं मी कागद वाया घालवून शिकले.

पहिला फोटो तर ओलाच बाहेर आला. शाई थेंबाथेंबाने साचलेली, बोट लावलं तर पसरली. प्रिंटरला शिव्या देऊन झाल्यावर कळलं की कागद उलटा घातला होता. फोटोपेपरला शाई धरून ठेवणारा लेप एकाच बाजूला असतो, मागची बाजू नुसती प्लॅस्टिकची. आता मी कागदाचा कोपरा किंचित ओलसर बोटांत धरून बघते, चिकटते ती छापायची बाजू.

दुसऱ्या फोटोत दिराच्या डोक्याचा वरचा भाग गायब. आमचे फोन ४:३ प्रमाणात फोटो काढतात आणि ४×६ इंचांचा कागद ३:२ असतो, म्हणजे आडव्या फोटोत वरून-खालून काहीतरी कापलं जाणारच. त्यात 'बॉर्डरलेस', म्हणजे पांढऱ्या कडेशिवाय, निवडलं की प्रिंटर चित्र थोडं फुगवून कडेबाहेर सांडतो, तेवढं आणखी जातं. आता आधी लॅपटॉपवर ३:२ कापून घेते आणि डोक्यावर थोडी हवा ठेवते. पिक्सेलचं गणित त्या मानाने सोपं: इंचाला ३०० धरले तर ४×६ ला १२०० × १८०० पुरतात. एवढे तर कुठल्याही फोनकडे असतात. मात्र तोच फोटो चार ग्रुपांतून फॉरवर्ड होऊन बारीक झालेला असेल तर ए-फोरवर छापू नका. मी छापला. नणंदेच्या साडीची जर म्हणजे पिवळा चिखल.

खरी झटापट रंगांशी झाली. कासचे फोटो स्क्रीनवर झगझगीत, कागदावर मात्र संध्याकाळ झाल्यासारखे. मी शाईला दोष देत होते, आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस सदैव फुल. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद पडलेला उजेड परत देतो, एवढी साधी गोष्ट डोक्यात यायला आठ कागद लागले. मग खिडकीपाशी बसले, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडलं, शेजारी कोरा फोटोपेपर धरला आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत गेले. चाळीस टक्क्यांच्या आसपास जमलं. त्या स्क्रीनवर फोटो पाहिला तर तोही अंधारलेलाच होता! तिथे उजळवला आणि छापला, तर बराच जवळ आला.

तरी सगळ्यांचे चेहरे लालसर, जसे काही आत्ताच भांडून आलेत. एक अख्खा रविवार त्यात गेला. फोटो छापण्याचं सॉफ्टवेअर कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे रंग बदलत होतं आणि त्याच्यानंतर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, तोही स्वतःच्या अकलेने बदलत होता. दोघींनी एकाच आमटीत मीठ घालावं, तसं. आमच्या घरी हे आठवड्यातून एकदा होतंच, त्यामुळे इलाज माहीत होता: घालणारी एकच ठेवायची. ड्रायव्हरमधलं रंगसुधारणेचं बटण बंद केलं आणि चेहरे माणसांत आले. प्रोफाइल म्हणजे अमुक कागदावर अमुक शाई कशी दिसते याची फाइल. कागदवाल्यांच्या साइटवर मिळते, पण आपल्या प्रिंटरच्या मॉडेलचीच घ्यायची. आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडायचा, कारण शाई किती सोडायची हे त्यावरून ठरतं.

एका गोष्टीपुढे हात टेकले. सोनकीच्या फुलांचा पिवळा पहिल्या झटक्यात सुंदर आला, पण 'सीतेची आसवं' या फुलांचा निळा-जांभळा काही केल्या येईना. कधी निळाच, कधी मळकट. स्क्रीनवर दिसणारे काही रंग या शायांच्या आवाक्यातच नसतात. तो फोटो मी थोडा फिका करून छापला आणि समाधान मानलं.

एवढ्या तालमीत अख्खे कागद घालवू नका. मी शेवटी शेवटी एकाच कागदावर फोटोचे चार तुकडे वेगवेगळ्या उजेडाचे छापू लागले. छापल्या छापल्या निकालही देऊ नये. रंग स्थिरावायला वेळ लागतो, आणि ट्यूबलाइटखाली हिरवट वाटलेला सासऱ्यांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो सकाळच्या उन्हात चांगला करडा दिसला.

मग गौरी-गणपतीत प्रिंटर तीन आठवडे तसाच पडला. नोझल चेक (प्रत्येक शाईच्या रेघांचा चाचणीचा कागद) काढला तर मॅजेन्टाच्या रेघा अर्ध्या गायब. लागोपाठ तीनदा हेड क्लीनिंग (शाई सोडणाऱ्या भागाची सफाई) केलं, शाई भसाभस गेली, फरक शून्य. शेवटी रात्रभर तसाच ठेवला, सकाळी एक क्लीनिंग, आणि रेघा आल्या. तेव्हापासून दर रविवारी एक छोटा रंगीत फोटो काढतेच. कागदाचं पाकीट डब्यात, वर सिलिकाच्या पुड्या. साताऱ्याच्या पावसात उघडा राहिलेला कागद वाकतो, हेड घासतं आणि कडेला काळा फराटा येतो.

तेविसावा कागद सासूबाईंना दिला. टेरड्याच्या गुलाबी पठारावर त्या, हातात चहाचा कागदी कप. बराच वेळ पाहिला, उलटा केला आणि माझ्या टेबलावरचं जेल पेन घेऊन मागे तारीख लिहिली. मी नको म्हणेपर्यंत लिहून झाली होती. त्या प्लॅस्टिकवर जेलची शाई वाळत नाही. दुसऱ्या दिवशी गठ्ठा उचलला तर खालच्या फोटोत नातवाच्या कपाळावर 'सप्टेंबर' उलटा उमटलेला.