गुळवेलीच्या पोटातलं चाक

परसातल्या कडुनिंबावर गेली सात-आठ वर्षं एक गुळवेल आहे. यंदा चैत्रात कुंपण साफ करताना कुणाचा तरी कोयता लागला आणि ती गुडघ्याच्या उंचीवर तुटली. फार जिवाला लागलं. पण वरचा वेल वाळेचना. ज्येष्ठात वरच्या फांदीतून सुतळीहून बारीक, हिरवट मुळं खाली लोंबायला लागली आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्यातल्या एकानं माती गाठली. आयुर्वेदात गुळवेलीला ‘छिन्नरुहा’ म्हणतात, तोडली तरी वाढणारी. तिचं दुसरं नाव ‘चक्रलक्षणिका’, म्हणजे जिच्यात चाकाची खूण आहे ती. ते चाक बघायला तिला आडवंच कापावं लागतं.

खाली राहिलेला तुकडा मी घरात आणला. वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात नोकरी गेली, त्यामुळे नवं ब्लेड आणि आयोडीनची बाटली घरात असतेच. एक काप पेन्सिलीएवढ्या कोवळ्या फांदीचा घेतला, एक अंगठ्याएवढ्या जुन्या खोडाचा.

कोवळ्या कापात मधोमध मऊ भेंड, भोवती दहा-बारा वाहकपूल, म्हणजे पाणी आणि अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांच्या जुड्या, एकमेकांपासून सुटे. प्रत्येक पुलात आत जलवाहिन्या, बाहेर रसवाहिन्या, त्यावर टोपीसारखी चिवट धाग्यांची कमान. जुन्या खोडात हेच पूल लांबून कलिंगडाच्या फाकांसारखे झालेले. त्यांतल्या जलवाहिन्यांची भोकं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दोन फाकांमध्ये रुंद, फिकट पट्टा. हेच ते चाक.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते कॅम्बियमचं वागणं. कॅम्बियम म्हणजे खोडाला जाडी देणारा, सतत विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर. कडुनिंबात तो पूर्ण कडं धरतो आणि सगळीकडून लाकूड घालत जातो, म्हणून कडुनिंबाचा वासा होतो. गुळवेलीत तो पुलांपुरतंच लाकूड करतो, मधल्या पट्ट्यांत मऊ पेशीच घालतो. खोड जाड होतं पण ओंडका होत नाही. दोरखंडाच्या पेडांसारख्या त्या फाका पिळल्या जातात, वाकतात, मोडत नाहीत. उभं राहायला कडुनिंब आहेच, तिला पाणी तेवढं वर न्यायचं असतं.

मग कापावर आयोडीनचा थेंब टाकला. लाकडाच्या फाका पिवळट राहिल्या, मधले पट्टे आणि भेंड बघता बघता काळंनिळं झालं. सगळं पिष्ट, म्हणजे स्टार्च! गुळवेल ठेचून पाण्यात कोळली की तळाशी जे पांढरं सत्त्व बसतं, ते हेच. चैत्रात वेलीवर पानंही फारशी नव्हती. जमिनीशी नातं तुटल्यावर दोन महिने ती या पट्ट्यांतल्या साठ्यावर जगली आणि त्यातूनच तिनं मुळं सोडली, असं मला वाटतं.

ते मूळ आता चांगलं रुजलंय. आज सकाळी हळूच ओढून बघितलं. त्याचाही काप घ्यायचा मनात होतं, ब्लेड हातात होतं, पण हात धजावला नाही.