कामिनोच्या वाटेवर: दार कुणासाठी उघडं?

कामिनो ही ख्रिस्ती यात्रेची पायवाट. फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोरहून स्पेनमधल्या सान्तियागो शहरापर्यंत ती साधारण 780 किलोमीटरची. त्यातला पहिलाच दिवस सगळ्यात कठीण. मुक्कामाचं गाव रोन्सेस्वायेस 25 किलोमीटरवर असलं तरी मध्ये सुमारे 1,250 मीटरचा चढ लागतो. खरं दुखणं मात्र उताराचं. लेपोएदेर खिंडीतून बीचच्या जंगलात सरळ उतरणारी वाट ओली आणि पाचोळ्याने झाकलेली असते, आणि दमलेले गुडघे तिथेच दगा देतात. खिंडीतून उजवीकडे इबान्येतावरून जाणारा रस्ता थोडा लांब पण सोपा आहे. नवख्यांना आम्ही तोच धरायला सांगतो. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च डोंगरातली वाट बंद असते. तेव्हा खालून, वालकार्लोसमार्गे जायचं.

रोन्सेस्वायेसच्या धर्मशाळेची थोरवी सांगणारं 13 व्या शतकातलं एक लॅटिन काव्य आहे. आजारी असो की धडधाकट, कॅथलिक असो, मूर्तिपूजक, यहुदी की पाखंडी, इथलं दार सगळ्यांना उघडं आहे, असं ते सांगतं. त्या यादीत पुढे आळशी आणि रिकामटेकडेही येतात. आम्हाला हे शेवटचे दोन फार मोलाचे वाटतात. आजाऱ्याची दया कुणालाही येते. आळशाला पाणी द्यायचं तर ‘हा याला लायक आहे का’ हा प्रश्नच सोडून द्यावा लागतो.

पण याच डोंगरांच्या दोन्ही अंगांना कागो म्हणून ओळखली जाणारी माणसं राहत. स्पेनच्या नवारे प्रांतात त्यांना आगोते म्हणत. त्यांची भाषा वेगळी नव्हती, धर्मही तोच होता. तरी कित्येक चर्चमध्ये त्यांच्यासाठी बाजूचं बुटकं दार असे आणि पवित्र पाण्याचं पात्रही वेगळं. काही ठिकाणी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर, त्यांना काठीच्या टोकावरून दिल्याचे उल्लेख आहेत. त्यांच्या अर्जावर पोप दहावे लिओ यांनी 1515 साली आदेश दिला, की यांना इतरांसारखंच वागवा. तरीही भेदभाव पुढे कित्येक पिढ्या टिकला. ती दारं आता बहुतेक बुजवलेली दिसतात, पण दगडांची चौकट कळते. पश्चात्तापाची यात्रा करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने रोन्सेस्वायेसचं काव्य जसं वाचावं, तसं या चौकटीसमोरही उभं राहावं. ज्या येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, त्याच्याच घराला हे दुसरं दार पाडलं होतं.

ओन्तानासहून कास्त्रोहेरिथकडे जाताना रस्ता सान अंतोनच्या पडक्या मठाच्या कमानीखालून जातो. ‘संत अंतोनीचा अग्नी’ झालेली माणसं इथे येत. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या एर्गट बुरशीचं विष पिठातून पोटात जाई, हातपाय जळल्यासारखे होत आणि पुढे काळे पडून झडत. मठात गव्हाची भाकरी मिळे, म्हणजे निदान तेवढे दिवस विष पोटात जाणं थांबे. कमानीखालच्या भिंतीत कोनाडे आहेत. रात्री दार लागल्यावर पोहोचणाऱ्यांसाठी त्यांत अन्न ठेवलेलं असे. दार बंद करावं लागणारच हे गृहीत धरून केलेली ही सोय आहे. स्वागत इतकं बारकाईने आखावं लागतं.

आजही तसंच आहे. ग्रान्योन गावात चर्चच्या इमारतीत जमिनीवर गाद्या टाकून झोपायचं, सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि भांडी घासायची. पैशांची पेटी उघडी असते. जमेल तेवढं टाका, गरज असेल तेवढं घ्या, असं तिच्यावर लिहिलेलं आहे. अशा ‘दोनातिवो’, म्हणजे ऐच्छिक देणगीवर चालणाऱ्या, आल्बेर्गेत (यात्रेकरूंच्या धर्मशाळेत) काल आलेल्यांच्या पैशांतून आजचं जेवण होतं. गणित बिघडतं ते दोनातिवो म्हणजे फुकट असं समजणाऱ्यांमुळे. ज्यांच्याकडे खरंच काही नाही, ते बहुधा झाडू हातात घेतात.

वाटेवर घर नसलेले, महिनोन् महिने चालतच राहणारे लोक भेटतात. त्यांना जागा देताना पहिली अडचण येते ढेकणांची. ढेकूण निघाले की सगळ्यांच्या नजरा सगळ्यात फाटक्या माणसाकडे वळतात, आणि हा सरळ अन्याय आहे, कारण ढेकूण महागड्या सॅकमधूनही येतात. म्हणून नियम सगळ्यांना एकच हवा: सॅक पलंगावर ठेवायची नाही, गादीची शिवण तपासायची, शंका आली तर कपडे 60 अंशांवर धुवायचे. दुसरी गोष्ट, आलेल्याला नाव विचारावं, ‘का चालतोस’ हे विचारू नये. भाजी चिरायला द्यावी. हातात काम असलं की तो पाहुण्यापेक्षा घरचा जास्त होतो.

मध्ययुगात फ्लँडर्सची न्यायालयं गुन्हेगारांना शिक्षा म्हणून सान्तियागोला पायी धाडत. बेल्जियममधल्या ओइकोतेन या संस्थेने 1982 पासून ती कल्पना नव्याने वापरली आणि अडचणीत सापडलेल्या मुलांना एका प्रौढ सोबत्याबरोबर लांब पायी पाठवलं. हे साधतं, कारण वाटेवर कुणी त्यांची फाइल उघडत नाही. रोजचं अंतर मात्र स्वतःच्याच पायांनी तोडावं लागतं.

फोन्सेबादोननंतर सुमारे 1,500 मीटर उंचीवर लोखंडी क्रूस आहे. घरून आणलेला दगड तिथे ठेवायची रीत आहे. दगड ठेवून मन बदलत नाही. आम्ही तिथे एका माणसाचं नाव घ्यायला सांगतो, ज्याला आपण दाराबाहेर ठेवलंय त्याचं. पुढे व्हियाफ्रांका देल बिएर्सोच्या सान्तियागो चर्चला क्षमेचं दार आहे. आजारपणामुळे ज्यांना पुढे जाता येत नसे, त्यांना सान्तियागोला पोहोचल्याची क्षमा इथेच मिळे. न पोहोचलेल्यालाही पोहोचलेला मानणारं हे दार आम्हाला अख्ख्या वाटेवर सर्वात ख्रिस्ती वाटतं.

यात्रा केल्याच्या ‘कॉम्पोस्तेला’ या प्रमाणपत्रासाठी किमान 100 किलोमीटर चालणं आणि क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या पुस्तिकेवर, रोज दोन शिक्के लागतात. त्याला पापक्षमेचा कागद समजू नये. त्या क्षमेसाठी पापांची कबुली, ख्रिस्तशरीर घेणं आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना लागते, ते वेगळं आहे, आणि कॅथेड्रलमध्ये कबुली अनेक भाषांत देता येते. परत आल्यावर ज्यांना हे पुढे न्यायचं असेल, त्यांनी ऑस्पितालेरो, म्हणजे अशा धर्मशाळेतले स्वयंसेवक, व्हावं. ही सेवा बहुधा 15 दिवसांची आणि बिनपगारी असते, आणि आधी स्वतः यात्रा केलेली असावी लागते. संडास धुणंही या सेवेत येतं.