६४-क्वॅमचा तिढा सुटला, गडबड एसएनआर एस्टिमेटरमध्ये होती

मागच्या अपडेटला जिथे अडकलो होतो ते सापडलं, म्हणून लगेच लिहायला बसलोय. माझी रेडिओ लिंक एसएनआर (सिग्नल नॉइजपेक्षा किती मोठा, ते डीबीत) बघून मॉड्युलेशन स्वतःच बदलते: ६४-क्वॅम सगळ्यात वेगवान पण नाजूक, मग १६-क्वॅम, आणि क्यूपीएसके सगळ्यात संथ पण दणकट. अटेन्युएटरने (सिग्नल कमजोर करणाऱ्या भागाने) सिग्नल पाडत नेला की लिंकने ६४-क्वॅमवरून १६ वर आणि मग क्यूपीएसकेवर उतरायला हवं, पण ती ६४ लाच चिकटून बसायची, एसएनआर मोजणारा एस्टिमेटर ३४ डीबी दाखवतोय आणि पॅकेट मात्र धडाधड सीआरसीला (चुका पकडणाऱ्या तपासणीला) पडतायत. त्यात डोकं खाणारी गोष्ट अशी की दोन्ही बाजूंना एकच रेफरन्स क्लॉक दिला तरच हा त्रास, ती क्लॉकची केबल काढून दोन्ही बोर्ड आपापल्या क्रिस्टलवर सोडले की सगळं सुरळीत. क्लॉक सुधारल्यावर रिझल्ट बिघडतो, हे काही केल्या पचत नव्हतं.

सुगावा लागला तो ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरच्या हिस्टोग्राम सिंकमुळे, म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला ते दाखवणाऱ्या आलेखामुळे (कॉन्स्टेलेशनच्या, म्हणजे सिम्बॉलच्या ठिपक्यांच्या चित्राच्या, आधी हा उघडून बघत जा, खूप काही सांगतो). एजीसी (गेन आपोआप जुळवणारा भाग) बंद, गेन फिक्स, आणि ८ बिट एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) २५६ पैकी जेमतेम १७ कोड, म्हणजे पायऱ्या, वापरात! सिग्नलचा आरएमएस (एक प्रकारची सरासरी) साधारण २ एलएसबी (एक एलएसबी म्हणजे एक पायरी), म्हणजे पॉवर ४, क्वांटायझेशन नॉइज (आकडा जवळच्या पायरीवर बसवल्याने होणारी चूक) १/१२, भागाकार ४८, म्हणजे १७ डीबीला थोडे कमीच. २.४ मेगासॅम्पलवर ६०० किलोहर्ट्झचा सिग्नल, त्या ४ पट ओव्हरसॅम्पलिंगचे ६ डीबी धरले तरी २३. चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगशिवाय दहा लाखांत एक बिट चुकेल एवढं हवं असेल तर १६-क्वॅमला साधारण २०.५ लागतात, ६४ ला २६.५. मग ३४ आले कुठून?

तर एस्टिमेटर प्रिअँबलचे (पॅकेटच्या सुरुवातीच्या ठरलेल्या नमुन्याचे) दोन सारखे अर्धे भाग एकमेकांतून वजा करतो, उरेल तो नॉइज. थर्मल नॉइज दर वेळी वेगळा, त्याला हे चालतं. पण क्वांटायझेशन एरर इनपुटवरच ठरते, इनपुट तेच तर एररही तीच. क्लॉक लॉक असला की दुसऱ्या अर्ध्यातलं सॅम्पल बरोबर त्याच कोडवर पडतं आणि वजाबाकीत एरर साफ गायब! क्लॉक वेगळे असले की फेज सरकत राहते, कोड बदलतात, एरर दिसायला लागते.

खात्रीसाठी कंबायनरने अर्ध्या एलएसबीएवढा नॉइज मिसळला, आकडा धाडकन १७ वर आला आणि लिंक गुमान क्यूपीएसकेवर. काय आनंद झाला म्हणून सांगू! पण हा डिदर (मुद्दाम मिसळलेला नॉइज) खऱ्या एसएनआरमधलेच ६ डीबी खातो, त्यामुळे निदानाला उत्तम, इलाज म्हणून नको.

सध्या पेलोडमधल्या (पॅकेटच्या मूळ डेटामधल्या) पायलटवरून, म्हणजे आधीच माहीत असलेल्या सिम्बॉलवरून, ईव्हीएम (सिम्बॉल आपल्या जागेपासून किती ढळले ते) काढतोय, त्यावरून एसएनआर २२ दाखवतो आणि लिंक १६ वर व्यवस्थित टिकते. तेच पक्कं करणार होतो, पण लिहितालिहिता सुचलं की प्रिअँबलचा दुसरा अर्धा ४५ अंशांनी फिरवून पाठवला आणि रिसीव्हरला उलटा फिरवून वजा केला तर? ९० अंशांचा उपयोग नाही, त्यात सिग्नलच्या आय आणि क्यू या दोन घटकांची नुसती अदलाबदल होते आणि एकाचं चिन्ह उलटतं, कोड तेच राहतात. ४५ ला मात्र बहुतेक कोड बदलतील, आणि पायलटची वाट न बघता पॅकेटच्या सुरुवातीलाच खरा आकडा मिळेल.

तेव्हा थ्रेशोल्ड टेबल (किती डीबीला कोणतं मॉड्युलेशन) आणि २ डीबीचा हिस्टेरेसिस (लिंक सतत वरखाली होऊ नये म्हणून ठेवलेली फट) पुढे ढकलतोय, आधी हे. आणि स्वस्तातले अटेन्युएटर वापरत असाल तर छापील आकड्यावर जाऊ नका, व्हीएनए या उपकरणावर मोजून घ्या. कोणी १२ बिट एडीसीवर हाच प्रिअँबल वापरत असेल तर लो लेव्हलला हिस्टोग्राम काय दिसतो ते नक्की कळवा.