रेक्समधील विधानाची लांबी आणि इंटरप्रिटरच्या मर्यादा

रेक्स ही स्क्रिप्टिंग भाषा माइक काउलिशॉ यांनी १९७९ साली आयबीएममध्ये घडवायला घेतली आणि १९९६ साली तिचे एएनएसआय (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) मानकही आले. तरीही ओओरेक्सवर (रेक्सच्या मुक्त-स्रोत, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड आवृत्तीवर) बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट मेनफ्रेमवर (आयबीएमच्या मोठ्या संगणकावर) नेली की एखाद्या लांबलचक ओळीपाशी अडते. व्याकरण तेच असते. आड येते ती लांबीची मर्यादा.

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील टीएसओ/ई या कमांड वातावरणातील रेक्समध्ये अवतरणचिन्हांत थेट लिहिलेला मजकूर २५० अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. ओओरेक्समध्ये अशा मजकुराला उपलब्ध मेमरीखेरीज दुसरे बंधन नाही. व्हेरिएबलच्या नावाला मात्र दोन्हींकडे २५० अक्षरांचीच मर्यादा आहे, आणि एवढे लांब नाव कोणी देत नसल्यामुळे तिचा कोणाला त्रास होत नाही. त्याआधीच्या व्हीएम/सीएमएस या मेनफ्रेमच्याच दुसऱ्या प्रणालीवरील इंटरप्रिटरमध्ये (स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) तर संपूर्ण विधानाचे अंतर्गत रूप ५०० अक्षरांच्या आत बसवावे लागे. ते ओलांडले की बारा क्रमांकाची त्रुटी येई, आणि तिच्या स्पष्टीकरणात आयबीएमने मोलाची सूचना दिली होती: कारण लक्षात येत नसेल, तर एखादे अवतरणचिन्ह बंद करायचे राहून पुढच्या ओळी एकाच मजकुरात ओढल्या गेल्या आहेत का, ते पाहावे. त्रुटीच्या संदेशाने इतक्या नेमकेपणाने वाट दाखवावी, हे मला फार मोलाचे वाटते.

ही बंधने लिहिलेल्या मजकुरावर आहेत, तयार होणाऱ्या मूल्यावर नाहीत, हे मुळात ध्यानात घ्यायला हवे. टीएसओ/ईमध्येसुद्धा छोटे तुकडे जोडून बनवलेली स्ट्रिंग (अक्षरांची माळ) उपलब्ध मेमरीत मावेल तेवढी मोठी होऊ शकते. म्हणून लांब एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) एका व्हेरिएबलमध्ये टप्प्याटप्प्याने जोडत न्यावी. ती सर्वत्र चालते आणि वाचायलाही सोपी पडते.

तुकडे करताना स्वल्पविरामाकडे बारीक लक्ष द्यावे लागते. ओळीच्या शेवटी आलेला स्वल्पविराम विधान पुढे चालू असल्याची खूण ठरतो आणि इंटरप्रिटर त्याच्या जागी एक रिकामी जागा धरतो. क्वेरी शब्दांच्या मध्ये तोडली असेल तर ती रिकामी जागा खपून जाते, पण डेटासेटचे (मेनफ्रेमवरील फाइलचे) नाव मधेच तोडले तर नावातच फट पडते. अशा वेळी स्वल्पविरामाआधी जोडणीच्या दोन उभ्या रेघा (||) द्याव्याच लागतात. त्याचप्रमाणे फंक्शनला दिलेल्या मूल्यांमधील स्वल्पविराम ओळीच्या टोकाला आला, तर तो चालू ओळीची खूण म्हणून खर्ची पडतो आणि दोन मूल्ये एक होऊन जातात. तेथे दोन स्वल्पविराम लिहावेत, किंवा माझ्या मते अधिक चांगले म्हणजे ओळ दुसरीकडेच तोडावी.

ओओरेक्सने याच कामासाठी ओळीच्या शेवटी आडवी रेघही (-) चालवून घेतली आहे. ती सोयीची आहे, पण स्क्रिप्ट कधीकाळी मेनफ्रेमवर जाण्याची शक्यता असेल तर ती वापरू नये, कारण तेथे तीच रेघ वजाबाकीचे चिन्ह मानली जाते.